त्या सोमवारचं पाणी

मुकुंदवाडी, छत्रपती संभाजीनगर
रविवार, ११ मे २०२५

सौ. मोनालीवहिनींना अंबिकाचा नमस्कार.

तुमच्या आई-अण्णांनाही सांगा. मल्हारला आत्याची पापी. कन्नडला माहेरी हवा जरा बरी असंल, इथं दुपारी घरात बसवत नाही. आईचा गुडघा तसाच आहे, पण ऐकती कुठं, कालपण कुरडया घालायला गच्चीवर जाऊन बसली. नळाला आठव्या दिवशी पाणी आलं, सगळं भरून घेतलं. दादाचं खाणंपिणं नीट चाललंय, काळजी करू नका. तो उद्या सकाळी तिकडं निघतोय, त्याच्याच हाती हे पाकीट देते. चिकटवून देते. आत काय आहे ते त्याला माहीत नाही.

फोन का केला नाही, असं वाटंल तुम्हाला. फोनवर तुम्ही मधेच बोलाल, मी रडेन आणि सांगायचं ते राहून जाईल. आणि मोबाइलवर तर मला आता एक ओळ लिहवत नाही.

मी पाळणाघराचं काम सोडलं. परवा, शुक्रवारी. जूनसाठी मल्हारची जागा धरून ठेव असं तुम्ही सांगितलं होतं, ती मी धरली नाही.

तुम्हाला माहीतच आहे, रोज चार वाजता पालकांच्या ग्रुपवर निरोप टाकायचं काम माझं होतं, पाळणाघराच्या मोबाइलवरून. कोण जेवलं, कोण झोपलं, कुणाचं अंग गरम लागलं. पहिल्या वर्षी मी जे घडलं ते लिहायची. मग आमच्या मॅडम, पाळणाघर त्यांचंच, निरोप जायच्या आधी वाचायला लागल्या. "आईबाप कामावर असतात गं, त्यांना कशाला घाबरवायचं?" मग ताप असला की मी 'अंग किंचित कोमट' लिहायला लागले. एकानं दुसऱ्याला रक्त येईपर्यंत चावलं, तर 'खेळताना थोडं लागलं'. उवा झाल्या, तर 'उन्हाळा आहे, केस बारीक ठेवावेत'. मॅडम म्हणायच्या, "अंबिका, लई छान लिहितेस तू." आणि मला बरं वाटायचं, वहिनी. खोटं कशाला बोलू. मला बरं वाटायचं.

एप्रिलच्या पहिल्या सोमवारी पोरांचे हात धुताना नळाच्या पाण्याला वास आला. मोरीचा असंल म्हणून मोरी घासली. वास जाईना. मग गच्चीवर जाऊन बघितलं. टाकीचं झाकण वाऱ्यानं सरकलेलं होतं, अर्धं उघडं. आत एक पारवा होता. बऱ्याच दिवसांचा असावा. फुगून फुटलेला. पिसं सगळ्या पाण्यावर पसरलेली आणि कडेला पांढरं काहीतरी वळवळत होतं. मी तिथंच ओकले.

खाली येऊन मॅडमला सांगितलं. त्या पंख्याखाली बसून काकडी खात होत्या. खाणं थांबवलं नाही.

"बादलीनं काढ आणि तुरटी फिरव. ब्लिचिंग पडलंय ना कपाटात, ते टाक."

"मॅडम, टाकी रिकामी करू. सगळ्यांना घरून पाणी द्यायला सांगते ग्रुपवर."

"नळ शुक्रवारी येणार. तोवर पोरांना काय चाटवू?"

"टँकर बोलवा."

"टँकर दारात आला की सगळी गल्ली विचारते काय झालं म्हणून. अंबिका, ग्रुपवर यातलं काहीच जायचं नाय. कळलं?"

मी व्हय म्हणाले.

पाणी गाळायचं यंत्र फेब्रुवारीपासून बंद होतं, हे तुम्हाला आम्ही कधी कळवलं नाही. प्यायचे जार मी टाकीच्याच नळावर भरायची. त्या दिवशीही भरले. बादलीनं ते सगळं काढताना हाताला जे लागलं, ते साबणानं चार वेळा धुऊनही जाईना, आणि त्याच हातांनी मी जार भरले. चार वाजता निरोप टाकला, तो तुमच्या मोबाइलमध्ये अजून असंल, बघा: 'ऊन वाढल्यामुळे आज मुलांना वेळोवेळी भरपूर पाणी पाजण्यात आले. सर्व मुले मजेत.'

वाक्य मॅडमनी सांगितलेलं नव्हतं. माझं होतं.

बुधवारी पाच पोरांना जुलाब लागले. सगळ्यात जास्त सायलीला. सायली म्हणजे सोनियाची मुलगी, तीन वर्षांची, स्टेशनच्या बाजूला राहतात ती. सोनिया चिकलठाण्याच्या कंपनीत पॅकिंगला जाते. पोरगी दुपारपासून चादर खराब करत होती, मी पुसत होते, आणि मॅडम शेजारी उभ्या राहून मजकूर सांगत होत्या: 'सायलीच्या डब्यातील इडली आंबलेली होती. पालकांनी कृपया ताजा डबा द्यावा.' तो डबा मीच उघडला होता. सायलीनं माझ्या तोंडात एक तुकडा कोंबलाही होता. इडली सकाळची, मऊ, चांगली होती. मी तरी टाईप केलं आणि पाठवलं.

गुरुवारी सायलीला फिट आली. अंगातलं पाणी गेलं होतं. आठ दिवस दवाखान्यात होती.

तिथून सोनियानं ग्रुपवर एवढंच विचारलं होतं, की पाळणाघरातलं पाणी कुणी तपासलंय का. मॅडमनी उत्तर दिलं नाही. तुम्ही दिलंत. मला पाठ झालंय ते. 'माझा मल्हार रोज तिथेच असतो, तेच पाणी पितो. त्याला साधा जुलाब नाही. आपल्या डब्याचा दोष दुसऱ्यावर ढकलू नये.' खाली बारा जणांनी अंगठे दिले. त्यानंतर सोनियानं ग्रुपवर एक अक्षर लिहिलं नाही.

वहिनी, मल्हार ते पाणी पीत नव्हता.

त्या सोमवारी दुपारी मी त्याला गाद्यांच्या खोलीत नेऊन माझ्या बाटलीतलं पाणी पाजलं. मंगळवारपासून त्याच्यासाठी घरून वेगळी बाटली नेली, माझ्या पिशवीत साडीच्या घडीखाली लपवून. त्याला सांगितलं, कुणाला सांगायचं नाही, आपली गंमत आहे. दोन-अडीच वर्षांचं लेकरू, त्याला खरंच गंमत वाटली. मंगळवारी सायली आमच्या मागं दारापर्यंत आली. तिनं बाटली बघितली. म्हणाली, "ताई, मला पण." मी म्हणाले, "तुझं जारमधलं आहे ना, सोन्या." आणि मी तिचा पेला भरून आणला. तिनं सगळा पेला पिला. शहाणी पोरगी आहे, सांगितलं की ऐकते.

हे लिहिलं आणि उठून हात धुऊन आले. आता सवयच लागलीय.

आपल्या घरचं लेकरू आधी बघणार, कुणीही बघंल, असं मी महिनाभर मनाला सांगितलं. पण मी नुसतं त्याला वाचवलं नाही. वाईट पाणी कुठलं हे ठाऊक असताना मी तेच दुसऱ्यांच्या लेकरांना पाजलं, चार दिवस, ओळीत बसवून. आणि मल्हार ठणठणीत राहिला, म्हणून तुम्ही सोनियाला खोटं ठरवलं. तुमचा दोष नाही. तुम्हाला जे कळवलं ते मीच कळवलेलं.

काल सोनियाच्या घरी गेले. तिनं दारातच ओळखलं, आत बसवलं, तांब्या-पेला समोर ठेवला. कंपनीतलं काम तिनं सोडलंय. सासू म्हणते, नोकरीच्या नादात शिळं खाऊ घालून पोरगी मारत होती. सायली कोपऱ्यात बसली होती, गळ्याची हाडं दिसतात अजून. मला बघून हसली. मी सगळं सांगितलं, पारव्यापासून इडलीपर्यंत. बाटलीचंही.

सोनियानं आत हाक मारली, "आई, बाहेर या. ह्या काय म्हणतात ते ऐका." मग मला म्हणाली, "सांगा पुन्हा. इडलीचं आधी सांगा."

मी पुन्हा सांगितलं. सासूबाई पदर तोंडाला लावून खाली बसल्या. त्यांनी सुनेकडं बघितलं, पण सोनियानं बघितलं नाही.

मी पाण्याच्या पेल्याकडं हात नेला. सोनियानं पेला उचलून बाजूला ठेवला. "राहू द्या," म्हणाली. "पाणी चांगलं आहे आमच्या घरचं. तुम्हाला द्यावंसं वाटत नाही."

मी उठले, तर म्हणाली, "हे लिहून द्याल?"

उद्या सुट्टी आहे, म्हणून मंगळवारी अकरा वाजता आम्ही दोघी आरोग्य केंद्रात जाणार आहोत. लेखी देणार आहे. मॅडमनी काय सांगितलं ते, आणि मी काय केलं ते. त्यात मल्हारचं नाव येणार, की त्याला वेगळं पाणी दिलं. तुम्हाला आणि दादाला लोक नाही नाही ते विचारतील. तुम्ही माझ्यावर चिडाल, आई बोलायची नाही, हे धरून चालले आहे. नाव गाळून लिहायचा विचार मनात आला होता. पण गाळून लिहायचंच काम मी तीन वर्षं केलं.

एक मागणं आहे. त्या ग्रुपवर मी नाही. होते ती पाळणाघराच्या मोबाइलमधून, आणि तो मी मॅडमच्या टेबलावर ठेवून आले. तुम्ही आहात. अजून सतरा लेकरं तिथं जातात. तुमची ती ओळ तुम्हीच मागं घ्या आणि खाली खरं काय ते लिहा. माझं नाव घालून लिहा. सौम्य करू नका.

मल्हारला पुन्हा माझ्याकडं सोपवायचं की नाही, ते तुम्ही ठरवा. नाही म्हणालात तरी मी विचारणार नाही का म्हणून.

पोरांना पाणी पाजणारी,
अंबिका शिंगाडे