सगळ्यांचं वजन पाच किलो

सोमवार, ३ मार्च. सकाळी ९.१०
आजपासून रोज लिहायचं. टीम लीड झाल्यावर आठवणी हाताशी असलेल्या बऱ्या.
काम: प्राण्यांच्या दवाखान्याचा प्रोग्रॅम. एक जनावर म्हणजे एक ऑब्जेक्ट. नाव, वजन, आजार. दवाखाना बंद होताना सगळे ऑब्जेक्ट फाईलमध्ये बांधून ठेवायचे, सकाळी सोडून पुन्हा उभे करायचे. यालाच सिरियलायझेशन म्हणतात. माझ्या हातचा मळ.

दुपारी ३.००
कोड आवरला. नाव आणि वजन ‘प्राणी’ या पॅरेंट क्लासमध्ये, म्हणजे वरच्या मूळ साच्यात हलवलं, आजार त्याखालच्या ‘पेशंट’मध्ये. एक रिकामा कन्स्ट्रक्टर सापडला. ऑब्जेक्ट जन्मताना त्याला मूल्यं द्यायची, एवढंच त्याचं काम. आणि हा गडी काहीच देत नाही. फुकटखाऊ. उडवला.

मंगळवार, ४ मार्च
दवाखान्यात प्रोग्रॅम बसवला. रिसेप्शनवरच्या बाईंनी दिवसभर बसून कार्डांवरून २१२ जनावरं भरली. संध्याकाळी सेव्ह. एकही एरर नाही. डॉक्टरांना म्हटलं, आता कार्डं खुशाल रद्दीत द्या.
आमची चष्मेवाली ज्युनियर म्हणाली, “सर, फाईल परत वाचून बघितलीत का? पॅरेंट क्लास सिरियलायझेबल, म्हणजे बांधण्याजोगा केलेला दिसत नाही.” म्हटलं, लिहिलं गेलं म्हणजे वाचलं जाणारच. अनुभव कमी आहे बिचारीचा.

बुधवार, ५ मार्च. सकाळी ९.४०
दवाखान्यातून फोन. प्रोग्रॅम फाईल उघडेना. कारण: योग्य कन्स्ट्रक्टर नाही! म्हणजे फुकटखाऊलाच आवतण. ठीक. परत घेतला, पण माझ्या हाताखाली कोणी रिकामं बसणार नाही. त्याच्यात नाव ‘मोती’, वजन ५ असं भरून टाकलं.

११.१५
उघडली! साहेबांना मेल. सगळ्यांना कॉपी.

संध्याकाळी
बायकोला सिरियलायझेशन समजावलं. सामान बांधायचं, पोचल्यावर सोडून मांडायचं. ती म्हणाली, बॅगेत भरलंच नसेल ते तिकडे कुठून निघणार? तिचा टेक्निकल पाया कच्चा आहे.

गुरुवार, ६ मार्च
डॉक्टरांचा फोन. दवाखान्यात २१२ मोती आहेत. पोपटसुद्धा मोती, वजन पाच किलो. (त्यातला एक खरोखरच मोती आहे. म्हणजे चूक शंभर टक्के नव्हे.)
सकाळी एका दांडग्या कुत्र्याचं ऑपरेशन होतं. भुलीचं औषध वजनावर ठरतं. स्क्रीनवर पाच किलो. टेबलावर चढवायला मात्र तिघं लागले, तेव्हा डॉक्टरांना शंका आली. म्हणाले, “पाच किलोचा डोस दिला असता, तर पोट उघडं असताना जागा झाला असता तो.” अगदी शांतपणे म्हणाले. ओरडले असते तर बरं झालं असतं.
माझे हात गार पडले. एसी वाढवला असणार कोणीतरी.
चष्मेवालीने फाईल तपासली. पॅरेंटमधलं नाव-वजन फाईलमध्ये कधी गेलंच नव्हतं. वाचताना रिकाम्या जागा माझ्या कन्स्ट्रक्टरने भरल्या. “आजार सगळ्यांचे आहेत सर, नाव कोणाचंच नाही.”
कार्डं? रद्दीवाला कालच घेऊन गेला. एरवी चार-चार हाका मारल्या तरी येत नाही.

शुक्रवार, ७ मार्च
साहेबांनी केबिनमध्ये बोलावलं. दार लावायला सांगितलं. चष्मेवाली लीड. मी सगळी नोंद पुन्हा होईपर्यंत दवाखान्यात. क्लायंटशी थेट संपर्क! अशी जबाबदारी ते कोणावरही टाकत नाहीत.
चष्मेवाली जाताना म्हणाली, “सर, लागलं तर फोन करा.” चिडवत नव्हती. म्हणून जास्त लागलं.

सोमवार, १० मार्च
दिवसभर जनावरांची वजनं केली. एकतीस. एक मांजर काट्यावर थांबेना. त्याला छातीशी धरून मी उभं राहायचं, मग माझं वजन वजा करायचं, ही युक्ती माझीच. रिसेप्शनवरच्या बाईंनी माझा आकडा भरल्या रांगेपुढे खणखणीत वाचला. ब्याण्णव. मांजर तोवर झोपलं होतं.
डॉक्टर बघत होते. म्हणाले, “तुम्हाला जनावरं छान धरता येतात हो. इथेच का येत नाही कायमचे?”
मी म्हटलं, दोन दिवसांत विचार करून कळवतो.
ते थट्टा करत होते, हे बसमध्ये बसल्यावर लक्षात आलं.