नॅरो पँटीतून, उभ्यानेच

ती. दादास,

शिरसाष्टांग नमस्कार (तूर्त उभ्यानंच मान्य करून घे, गुडघे वाकत नाहीत). तुझी कंबर कशी आहे? वहिनीची सर्दी गेली का? आमच्याकडे सगळे ठीक आहेत. मीही ठीक आहे, फक्त कालपासून बसलेलो नाही. हे पत्र फ्रिजच्या डोक्यावर कागद ठेवून लिहितोय. कुणी भाजी काढायला आलं की अक्षर हलतं, तेवढं सांभाळून घे.

तुला ठाऊकच आहे, उद्या आमच्या लग्नाला पन्नास वर्षं होतात आणि तुम्ही दोघं दुपारी जेवायला यायचे आहात. हिनं महिनाभरापूर्वीच फर्मान काढलं की साड्या नकोत, दागिने नकोत, मला तोच फोटो पुन्हा काढून हवा. तोच म्हणजे साठच्या दशकातला, केसांचा कोंबडा, टोकदार बूट, मोरपंखी नॅरो पँट आणि स्टुडिओतल्या प्लॅस्टरच्या खांबाला कोपर टेकून मी. तो फोटो फोटोग्राफरनं काचेत लावला होता आणि समोरच्या टायपिंग क्लासात ही शिकायला येत असे. पुढचं तुला माहीत आहे. कोंबड्याचा प्रश्न निकालात निघाला (खालची जमीनच गेली), बूट थोरल्या जावयाचे मिळाले, आणि पँट मी ट्रंकेच्या तळातून काढली.

दादा, आता कान इकडे कर. ती पँट तुझी आहे. लाँड्रीत हरवली असं मी तुला सांगितलं होतं ना, तीच. मी ती फोटोपुरती उचलली होती, संध्याकाळी परत ठेवणार होतो, पण फोटो काचेत लागला, हिनं तो पाहिला, आणि मग कुठल्या तोंडानं परत करायची? तू त्या लाँड्रीवाल्याच्या दुकानापुढे तीन दिवस लेंग्यावर उभा राहिलास आणि पन्नास वर्षं कपडे दुसऱ्या टोकाच्या लाँड्रीत नेतोयस, हे बघून माझा जीव तुटतो. तो बिचारा अजून मला विचारतो, दादांचा राग गेला का. मी नाही म्हणतो. दुसरं काय सांगणार?

काल सकाळी रंगीत तालीम म्हणून पँट चढवायला घेतली. तू पायांना वर्तमानपत्र गुंडाळून आत सारायचास ते आठवत होतं. आपली सगळी तरुणाई त्या वर्तमानपत्रांत गेली, आतली बातमी कधी वाचली नाही. पहिल्या पानावर डावा पाय गेला, उजव्याला रविवारची पुरवणी लागली. कमरेपाशी दोन्ही जावई लागले, एकानं मला धरलं आणि दुसऱ्यानं श्वास सोडू नका म्हणून ताकीद दिली. बटण लागलं तेव्हा घरानं टाळ्या वाजवल्या. मग काढायला गेलो. दादा, ती निघत नाही.

टाल्कम पावडर झाली, खोबरेल झालं, भांड्यांचा साबण झाला (मी आता चकाकतो, पण निघत नाही). डॉक्टर आले, त्यांनी गुडघ्यावर हातोडी मारून पाहिली आणि पाय हलला नाही म्हणून काळजीत पडले. शेवटी नळ दुरुस्त करणारा आला होता स्वयंपाकघरातल्या नळासाठी, त्यालाच दाखवलं. त्यानं दोन्ही टोकांकडून वाकून पाहिलं आणि म्हणाला, पाइप चांगला आहे, आत अडकलंय ते खराब झालंय. शिंपी कापायला तयार आहे, पण घरातली मोठी कात्री नेमकी कालच नाहीशी झाली, आणि शिंप्याला त्याची कात्री आणू द्यायला ही तयार नाही. म्हणते, त्या पँटीनं माझं लग्न जमवलं, तिला कुणी हात लावायचा नाही. माझ्याबद्दल असं ती कधी बोललेली मला आठवत नाही.

झोपलो कपाटाला टेकून. तेव्हा एक मात्र उमगलं, की तू खरा मर्द. सिनेमाला खुर्चीचं तिकीट काढून तू तीन तास भिंतीला टेकून उभा राहायचास आणि बाहेर आल्यावर म्हणायचास, काय मस्त होता. आम्ही धाकटे चुलतभाऊ तुझ्यावर जीव टाकायचो. मला तुझ्यासारखंच व्हायचं होतं रे. निदान कमरेखाली तरी झालो.

वहिनीस नमस्कार. मुलांना आशीर्वाद.

तुझाच,
धाकटा

ता. क. पँट काढायची तुझी काहीतरी युक्ती होती, पाय भिंतीला लावून वगैरे. पत्र घेऊन येणाऱ्या जावयाला सविस्तर सांग.

ता. क. २. खरं म्हणजे पत्र एवढ्याचसाठी लिहिलं. डाव्या गुडघ्यावर तू केलेला इस्त्रीचा त्रिकोणी चट्टा अजून तसाच आहे; तेव्हाच्या फोटोत तो गुडघा खांबाआड होता म्हणून निभावलं. उद्या तो दिसला की तू ओळखशील आणि सगळ्यांदेखत ओरडशील. हिला आजवर वाटतं की पँट माझी, ऐट माझी, सगळं माझंच. या वयात तेवढं माझ्याकडे राहू दे. उद्या कृपा करून गुडघ्याकडे बघू नकोस.

ता. क. ३. भावजी, पाकीट बंद करायला यांनी माझ्याकडे दिलं म्हणून लिहिते. त्या काचेत आधी तुमचा फोटो होता, त्याच पँटीतला, चट्ट्यासकट. मी रोज तोच बघायचे. एक दिवस त्याच जागी, त्याच खांबाला टेकलेले हे दिसले. माणूस का बदलला हे विचारायला मी स्टुडिओत शिरले, तर हे दारातच उभे, चोरी पकडल्यासारखा चेहरा करून. बसता येत नव्हतं. इतकी दया आली की काय सांगू, ती अजून संपलेली नाही. कात्री माझ्या शिवणाच्या डब्यात आहे, फोटो निघाला की मीच कापीन. तुम्ही उद्या गुडघ्याकडे नक्की बघा, आणि चांगलं मोठ्यानं ओरडा. मला फोटोत यांचा तोच चेहरा हवाय, जो तेव्हा दारात होता. येताना लाँड्रीवाल्यालाही घेऊन या.