डोस चुकला तर

अण्णा, काल दुपारी आपल्या माजघरात माझ्या चार विद्यार्थिनी बसल्या होत्या. तिघी सतरंजीवर, आणि चौथी, दाभोळची खारवीण, मासेमारी करणाऱ्यांच्या घरची, तुमच्या झोपाळ्यावर. "नको वो बाई, मी खालीच बरी," असं ती दोनदा म्हणाली. मी ऐकलं नाही. तुम्ही असता तर ओटीवरून नुसतं खाकरला असता आणि त्याचा अर्थ लावून आईने मला आत बोलावलं असतं. तुम्हांला जाऊन पुष्कळ वर्षं झाली, तरी हे तुम्हांला कळायलाच हवं.

तुमची मुलगी बी. एस्सी. झाली. आपल्या घरातली पहिली पदवीधर. आणि ती इस्पितळात नर्सिंग शिकणाऱ्या बायकांना शिकवते. आज त्यांची तोंडी परीक्षा होती. पास झाली तिला वॉर्डात स्वतःच्या हाताने औषध देण्याची परवानगी, नापास झाली तिने घरी जायचं. दाभोळच्या बाईचं घर म्हणजे दिराचं घर. नवरा समुद्रात गेला तो परत आला नाही. तिकडे तिच्यासाठी मासळी वाळवणं आणि दिराची बोलणी खाणं एवढंच शिल्लक आहे. हुशार आहे, पण डॉक्टरसाहेब समोर आले की तिची वाचा बसते.

परीक्षेआधी सगळ्या औषधांची आणि नेहमीच्या दुखण्यांची उजळणी करायला मी इस्पितळातली खोली मागितली, तर डॉक्टरसाहेब म्हणाले, नर्सला बाटलीवरचा नंबर वाचता आला की पुरे, तुम्ही यांना मराठीतून डॉक्टर करायला निघालात. मी म्हटलं, रोग्याची नाडी मंद झाली आहे हे बाटलीवर लिहिलेलं नसतं. खोली मिळाली नाही. मग मी त्यांना घरी आणलं. इथे कोण परवानगी नाकारणार होतं?

तर आम्ही बसलो. हृदयासाठीचं डिजिटॅलिस देण्याआधी काय पाहायचं? नाडी, फार मंद लागली तर औषध थांबवायचं आणि डॉक्टरांना सांगायचं. पोट दुखतंय म्हणून एरंडेल द्यायचं का? कुठे दुखतं ते कळल्याशिवाय मुळीच नाही. विषमज्वराच्या रोग्याला भूक लागली, तो रडून भात मागतोय, तर? इथे दाभोळची हसली. "रडू दे. जगला तर मागनं जेवंल." बाकीच्या तिघी हसून हसून एकमेकींवर पडल्या. मी हिवतापावर आले, क्विनाईनवर आले, आणि विचारलं, डोस चुकला तर?

चौघी वह्या चाळायला लागल्या. आणि अण्णा, मला एकदम तो श्रावण दिसायला लागला.

मी मराठी तिसरीत आहे. आई हिवतापाने पडली आहे. तुम्ही दवाखान्यात घरची बाटली नेऊन क्विनाईनचं मिक्स्चर आणलं आहे. बाटलीला कडेने कातरलेली कागदाची पट्टी चिकटवलेली, एका खाचेपर्यंत एक डोस. सोमवारी आईचा उपास. उपासाला औषधही चालत नाही, असं आपल्या घरचं शास्त्र. संध्याकाळी उपास सुटल्यावर तुम्ही बाटली दिव्यापुढे धरता आणि म्हणता, औषध मागे राहिलंय, आजच्या खाचेपर्यंत आण. आई निमूटपणे दिवसभराचे राहिलेले डोस एकदम पिते. औषध खाचेशी बरोबर येतं. मग तिला ओकाऱ्या होतात, कान वाजायला लागतात, आणि मी हाक मारते ती तिला ऐकूच येत नाही.

सकाळी दवाखान्यातल्या नर्सबाई आल्या. त्यांनी आधी बाटली पाहिली आणि मग आईला. चुकलेले डोस एकदम घेतले का, एवढंच त्यांनी विचारलं. औषध थांबवलं, आईचं अंग पुसलं, ओकारीचं भांडं स्वतः उचललं. आई वाचली. आणि तुम्ही त्यांना पडवीत करवंटीतून चहा दिलात. त्यांनी तो प्यायला, करवंटी विसळली आणि अंगणाच्या दगडी गडग्यावर पालथी घातली, पुढच्या खेपेला लागेल म्हणून. त्या गेल्यावर त्यांनी हात लावलेली चादर तुम्ही भिजत घालायला लावलीत. मी म्हटलं, मी नर्स होणार. याच झोपाळ्यावर मला इंग्रजी शिकवणारे तुम्ही म्हणालात, "शीक हवं तेवढं. दुसऱ्याची घाण काढायला मी तुला शिकवत नाही."

अण्णा, ती घाण माझ्या आईची होती.

काल माझ्या प्रश्नाला उत्तर आलं ते स्वयंपाकघराच्या दारातून. आई म्हणाली, "चुकला तर चुकला गो. पुढचा वेळेवर घ्यायचा. दोन एकदम नाही. मी घेतलेत, मला विचारा." मग ती आत गेली आणि चहा घेऊन आली. कप चारच होते, मला धरून पाच जणी. तिने फळीवरची तुमची निळ्या काठाची कपबशी काढली, तुमच्यामागे कुणी न वापरलेली, आणि दाभोळच्या बाईच्या हातात दिली. मी तिला तसं काहीच सांगितलं नव्हतं. तुमच्यापुढे कधी तोंड न उघडलेली आई काल तेवढंच बोलली.

आज डॉक्टरसाहेबांनी दाभोळच्या बाईला नेमका तोच प्रश्न विचारला. तिने आधी दाराशी उभ्या माझ्याकडे पाहिलं. मग ती म्हणाली, "चुकला तर चुकला. पुढचा येळेवर. दोन एकदम नाय." हे इंग्रजी पुस्तकात कुठे आहे, असं त्यांनी हसून विचारलं. ती म्हणाली, "पुस्तकात नाय साहेब. आमच्या बाईंच्या आईच्या अंगावर आलंय." ते हसायचे थांबले आणि त्यांनी सही केली. आजपासून ती वॉर्डात औषध देईल. आता मी ती खोली पुन्हा मागणार आहे, आणि मराठीतूनच शिकवणार आहे.

हे पत्र उद्या न्हाणीतलं चुलाणं पेटवायला आईच्या हातात देईन. एक मात्र कबूल करते. तुमच्यावरचा राग सोडून द्यावा असं आई म्हणते, आणि मला तो सोडायचा नाही. तो गेला तर झोपाळ्यापाशी उभं राहून तुमच्याशी काय बोलायचं, ते मला अजून सुचलेलं नाही.