मराठीत वाचून दाखवले

मंगळवार, ११ नोव्हेंबर २०२५

रात्री जेवले नाही. अम्मीने दोनदा विचारलं, डोकं दुखतंय म्हणून सांगितलं.

मारुतीआबा सकाळी नेहमीसारखे पार्कमधली झिपलाइन, म्हणजे तारेला लटकून पलीकडे जायचा खेळ, तपासून ऑफिसात आले. पलीकडच्या खांबापाशी जाड तारेतल्या तीन बारीक तारा तुटल्यात म्हणाले. ते सांगणार, मी इंग्रजीत रिपोर्ट लिहिणार, ते सही करणार — तीन वर्षं असंच चाललंय. आबा टाकव्याचे, इंग्रजी त्यांना वाचता येत नाही. मी लिहिलं, 'मायनर वेअर ऑब्झर्व्ड. टू बी मॉनिटर्ड.' लिहिताना छान वाटलं. कॉलेजात मॅडम म्हणायच्याच, गुलनाजचं इंग्रजी स्वच्छ आहे!

घरी येताना कुसगावच्या चढावर तेच मनात मराठीत आलं. तार तुटायला लागलीय, बघत राहू. पाय थांबलेच माझे.

बुधवार, १२ नोव्हेंबर

पार्कच्या मालकांचा, अमृत सरांचा फोन. माणूस मराठीच, पण कामाचं सगळं इंग्रजीत. शुक्रवारी बालदिन, वडगावच्या एका शाळेची सहल आहे. बासष्ट मुलं. नवी तार यायला अजून दहा दिवस. सरांनी विचारलं, रिस्क किती? मी म्हणाले, 'लो. अ‍ॅक्सेप्टेबल.' चहात साखर किती विचारल्यावर सांगावं तसं!

फोन ठेवल्यावर ऑफिसात एकटीच होते. तेच मराठीत बोलून पाहिलं. 'एखादं मूल पडलं तरी चाल—' उठून खिडकी लावून घेतली. कोणी ऐकलं असतं तर?

इंग्रजीत मला भीती वाटत नाही. कशाचीच नाही. सरांशी बोलताना मी कोणी दुसरीच असते, हुशार, थंड. तिची आता मला भीती वाटायला लागलीय. पण ती दुसरीच म्हणणं हीसुद्धा पळवाटच. फोन मीच घेतला होता.

गुरुवार, १३ नोव्हेंबर

ज्याला इंग्रजी येत नाही त्याच्या सहीच्या वर एक ओळ लागते — 'वरील मजकूर मराठीत वाचून दाखवला, तो बरोबर आहे.' ती ओळ मी फॉर्मवर छापूनच ठेवलीय. वाचून कोण दाखवतंय! आबा माझ्या भरवशावर सही ठोकतात, मीही घाईत असते.

आज मंगळवारच्या रिपोर्टवर सही करायला त्यांनी पेन उचललं आणि थांबले. "तीन तारांचं लिवलंय न्हवं? जरा वाचून दावा की, ताई. पोरं यायचीत उद्या."

वाचलं. किरकोळ झीज दिसली, लक्ष ठेवावे. माझा आवाज खाली खाली जात होता. आबा रागावले असते तर बरं झालं असतं.

"मी आसं म्हन्लो न्हवतो, ताई."

आबांनी पेन टेबलावर ठेवलं आणि ते बाहेर जाऊन पायरीवर बसले.

मी सरांना फोन लावला आणि मराठीत बोलले. तीन वर्षांत पहिल्यांदा! त्यांनी इंग्रजीत उत्तर दिलं, पुन्हा दिलं. मी मराठी सोडली नाही, सोडली असती तर पटलंच असतं मला त्यांचं. फोन दोन्ही हातांनी धरला. म्हटलं, "सर, मूल खाली पडलं तर त्याच्या आईला मी काय सांगू? तेवढं मला मराठीत सांगा."

सर हळू आवाजात म्हणाले, "बंद ठेवा."

आबांनीच जाऊन झिपलाइनला साखळी घातली. नोकरी जाईल का? गेली तर गेली. असं लिहितेय खरं, पण जेवण आजही गेलं नाही.

शुक्रवार, १४ नोव्हेंबर, सकाळी आठ, ऑफिसातून

सरांचा मेसेज आलाय. मुलं हिरमुसायला नकोत, झिपलाइनऐवजी सगळ्यांना जायंट स्विंगवर बसवा. म्हणजे दरीवरचा मोठा झोका.

त्याची फाईल काढली, नुसती खात्री करायला. एकेक पान मराठीत मोठ्याने वाचत गेले. मार्च महिना. तेव्हा झोका गेणू बघायचा, एप्रिलमध्ये तो काम सोडून गेला. मी लिहिलंय, 'हेअरलाइन मार्क ऑन हूक. विदिन लिमिट्स.' हुकावर केसाएवढी रेघ, चालण्यासारखी. गेणू दारात उभा राहून काय म्हणाला होता ते आत्ता आठवलं. "हूक चिरलाय, म्याडम. कवाबी जाईल." हूक बदलल्याची नोंद पुढच्या एकाही पानावर नाही.

झोक्याच्या मोटरची किल्ली काढून पर्समध्ये टाकलीय. सर फोन उचलत नाहीत. मुलांची बस दहाला येईल, त्यांना मी झोक्यावर बसू देणार नाही.

पण मार्चपासून तो झोका रोज चालू आहे.