शिवम्मासोबत गेलेली चिठ्ठी

मी, ईश्वरप्पा मलप्पा बिराजदार, वय ७१, राहणार अहमदपूर, जि. लातूर, धंदा फोटो स्टुडिओ, हे मृत्युपत्र राजीखुशीने लिहून ठेवतो. डोके ठिकाणावर आहे. गुडघ्यांचे मात्र सांगता येत नाही. कुणाचे दडपण नाही.

१. राहते घर व बँकेतील ठेव मुलगा मल्लेश याला द्यावी. "अप्पा, स्टुडिओतली डिस्क पुसून टाका, गेलेल्या माणसांचे फोटो कोण बघतंय?" असे तो म्हणाला होता, ते मी विसरलेलो नाही. तरी घर त्याचेच. म्हातारपणी त्याने मला दवाखान्यात एकटे कधी पाठवले नाही.

२. स्टुडिओतील काळ्या डिस्कमध्ये वीस वर्षांतली तालुक्याची लग्ने आहेत. एकदा स्टुडिओत येणाऱ्या एकाने एका नवरीचे फोटो मोबाईलवर पसरवले. सोयरीक मोडता मोडता राहिली. तेव्हापासून मी सगळे फोटो एन्क्रिप्ट केले. म्हणजे फोटो डिस्कमध्येच असतात, पण पासवर्ड दिल्याशिवाय उघडले तर नुसती गिचमिड, ना नवरी ना नवरदेव. पासवर्ड म्हणून माझी पत्नी शिवम्मा हिने माहेरचे चार कानडी शब्द सुचवले. मी ते चिठ्ठीवर लिहिले. ती चिठ्ठी तिने गळ्यातल्या लिंगाच्या वस्त्रात बांधली. म्हणाली, "लिंग मी कधी उतरीत न्हाई. हितून कोण नेतंय?"

शिवम्मा गेली. आम्ही लिंगायत, आमच्यात गळ्यातल्या लिंगासह पुरून समाधी देतात. रडण्याच्या भरात चिठ्ठी कुणाच्या ध्यानात आली नाही. माझा संगणक पासवर्ड स्वतःच लक्षात ठेवी, म्हणून मीही निर्धास्त होतो. पुढे तो जळाला. नवा संगणक ते चार शब्द मागू लागला आणि मला त्यातले दोन काही केल्या आठवेनात. कुणाचा नवरा गेलेला, कुणाची आई. लोक दारात येऊन एक फोटो मागत आणि मी त्यांना रिकाम्या हाताने परत पाठवी. समाधी उकरा, असे कोणत्या तोंडाने म्हणणार?

३. सून मंजुश्री बिलोलीची, तिला कानडी येत नाही. तिला मी संगणकाला कधी हात लावू दिला नाही, हा माझा अपराध. संगणक जळाल्यावर आठ महिन्यांनी तीच म्हणाली, "मामा, आत्याबाई पूजेत रोज चार शब्द म्हणायच्या. मला वाटायचं, मंतर हाय. ते लावून बघता का?" शिवम्माला वाचता येत नव्हते. विसरू नये म्हणून ती रोज घोकत असे. डिस्क उघडली. मी लेकरासारखा रडलो. पोरी, तुझे उपकार फिटायचे नाहीत.

म्हणून स्टुडिओ, कॅमेरा आणि डिस्क मंजुश्रीला. माझ्या हातून पोचवायचे राहिलेले फोटो तिने ज्याचे त्याला फुकट पोचवावेत. चार शब्द येथे लिहीत नाही. मृत्युपत्र दहा जण वाचतात.

४. माझी समाधी शिवम्माशेजारी असावी. त्याआधी माझे लिंगवस्त्र उलगडून नीट पाहावे.

५. शेवटचा फोटो पोचला की मंजुश्रीने शिवम्माच्या समाधीपाशी बसून ते चार शब्द मोठ्याने म्हणावेत. तेव्हा कुणी ऐकले तरी चालेल. तिने सांभाळलेले सगळे जागेवर पोचले, हे तिला कळू द्या.

हे मी स्वतः लिहिले, दोनदा वाचले आणि दोन्ही साक्षीदारांच्या डोळ्यांदेखत सही केली.

ईश्वरप्पा मलप्पा बिराजदार (सही)

साक्षीदार:
श्रीशैल वैजनाथ हुडगे, छापखानावाले (सही)
सिंधु भीमा सूर्यवंशी, शिक्षिका (सही)

अहमदपूर, १२ फेब्रुवारी २०२४