हरलेल्यांची पंगत

माय, यंदा आपल्या गावच्या नदीतल्या डोंग्यांच्या शर्यतीत पहिल्यांदाच बायकांचेही डोंगे उतरले, आणि त्यातल्या एकात मी होते. वय विचारू नकोस, गुडघे सांगतातच. दसरा झाला की पैनगंगा अजून तशीच भरून, शांत वाहते. काठावर रस्सीखेच होते, डोक्यावर घागर घेऊन पळायची शर्यत होते, गोवऱ्यांच्या विस्तवात रोडगे भाजले जातात. रिवाजही तोच आहे. जिंकणाऱ्यांनी पंगत वाढायची आणि सगळ्यांत मागे राहिलेल्यांनी सगळ्यांच्या आधी जेवायचं.

तू मात्र त्या दिवशी कायम चुलीपाशी. एरवी पलीकडच्या वावरात जायला डोंगा तूच हाकायचीस आणि बाबा पुढे आरामात बिडी ओढत बसायचे. शर्यतीला वल्हं घेऊन जायचे मात्र तेच. एकदा भुकेनं माझा जीव चालला होता. मी राखेतून हळूच रोडगा ओढते आहे आणि तू माझ्या हातावर पळी मारतेस. "आधी हरलेले जेवतीन," तू म्हणतेस. मी फुरंगटून विचारते, "मंग तू काहून नाई हरत?" तू गंजातली वांग्याची भाजी ढवळत हसतेस. "मले डोंग्यात बसवते कोण, पोरी?" त्या दिवशीही तू सगळ्यांच्या मागून जेवलीस, गंजाच्या बुडाची भाजी खरवडून. मला त्याचा राग यायचा. अजून येतो.

म्हणून यंदा तुझ्या नावानं जिंकायचंच, असं ठरवून मी गावी आले. पुढे वहिनी, मागे मी. तुझा हात माझ्यात उतरलाय बहुतेक, कारण अर्ध्या नदीत आम्ही सगळ्यांच्या पुढे होतो. तेवढ्यात काठावरचा धूर दिसला, भाजीचे गंज दिसले, आणि लक्षात आलं की जिंकले तर तिथे पळी घेऊन मीच उभी राहणार. मी वल्हं वर उचललं. एकेक डोंगा पुढे गेला. वहिनी ओरडली, "ताई, हात चालवा नं, काय पाहून राह्यल्या?" मी म्हटलं, "खांदा धरला."

पहिल्या पंगतीत पत्रावळीवर रोडगा आला, फोडला तर वाफ निघाली, वर तूप. जिंकलेल्या बाया वाकून वाढत होत्या. रुसलेल्या वहिनीनंही दोनदा भाजी मागितली. माझं पोट भरलं होतं, तरी मी आणखी एक रोडगा घेतला आणि तुझ्या वाट्याचा म्हणून सावकाश खाल्ला. फार बरं वाटलं.

हे पत्र पाठवायला ठिकाण नाही, आणि वहिनीच्या हाती लागलं तर माझी खैर नाही. ती अजून फोन करून खांद्याला तेल लावलं का विचारते. खांद्याला काही झालं नव्हतं, माय. मला फक्त तुला एकदा सगळ्यांच्या आधी जेवू घालायचं होतं.