आबांनी मागितलेली माफी

आबा,
सीमेवरून तुमच्या बाळूचा सविनय जयभीम.

मी बरा हाय. जेवण गरम मिळतं. बोअरला पाणी टिकलंय का?

पंचशीलाताईचा फोन आलता. आपल्या पालीच्या ग्रामसभेत लढाईच्या घोषणा चालल्या, तवा तुमी एवढंच म्हणलात, "लढाई पाहिजे म्हणणाऱ्यांनी एक दिवस आमच्या दारात येऊन बसावं." त्यावर लोक 'गद्दार' म्हणत अंगावर आले आणि सरपंचानं तुमाला हात जोडून माफी मागायला लावली.

माझ्या शेजारच्या खाटेवरचा जवान मंगळवारी गेला. त्याच्याही गावात अशाच घोषणा चालल्या असतील.

पुन्हा सभेत बोलू नका, असं लिहायला बसलो होतो. लिहवत न्हाई, आबा. तुमी बोला.

आईला पत्र वाचून दाखवताना जवानाची ओळ तेवढी गाळा.

तुमचाच,
बाळू